अलेक्झांडरचा मृत्यू : वैद्यकीय निदान आणि इतिहासाची साधने

मॅसिडोनियाचा राजा अलेक्झांडर इ.स.पू. ३२३ च्या जून महिन्यात बॅबिलोन येथे मरण पावला. त्या वेळी त्याचे वय ३२ वर्षांचे होते. त्याच्या मृत्यूच्या कारणांविषयी अनेक मते मांडली गेली आहेत. ती ज्या साधनांवर उभी आहेत, त्यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

या आजाराचा तपशील प्रामुख्याने प्लुटार्क व एरियन यांच्या ग्रंथांत मिळतो. दोघांनीही दरबारी रोजनिशीचा आधार सांगितला आहे. मेजवानीनंतर राजाला ताप आला. तापातही तो स्नान, यज्ञविधी आणि आगामी मोहिमेची आखणी करीत राहिला. पुढे ताप वाढत जाऊन त्याची वाचा गेली. सैनिक रांगेने भेटीस आले, तेव्हा त्याने कष्टाने मान उचलून नजरेनेच त्यांची दखल घेतली.

विषप्रयोगाचा संशय अँटिपेटर व त्याचा पुत्र आयोलस यांच्यावर घेतला गेला. तथापि, मृत्यूसमयी असा संशय कोणासही आला नव्हता, असे प्लुटार्क नमूद करतो. सुमारे पाच वर्षांनंतर राजमाता ऑलिंपियसने याच आरोपावरून सूड उगवला. अँटिपेटरच्या घराण्याशी तिचे वैर होते, हे लक्षात घेतल्यास या आरोपामागील राजकारण स्पष्ट होते.

आधुनिक वैद्यकतज्ज्ञांनी हिवताप, विषमज्वर असे आजार सुचविले आहेत. विषमज्वराचे निदान १९९८ साली मांडले गेले. २००३ साली मार व कॅलिशर यांनी वेस्ट नाईल विषाणूचा पर्याय पुढे केला. बॅबिलोनच्या तटापाशी राजासमोर कावळे मरून पडले, या प्लुटार्कच्या उल्लेखावर त्यांचा भर होता. २०१८ साली कॅथरीन हॉल यांनी गियाँ-बारे हा मज्जाविकार सुचविला. मृतदेह अनेक दिवस कुजला नाही, याचा अर्थ राजा पक्षाघाताने निश्चल, परंतु जिवंत असावा, असा त्यांचा तर्क होता.

मात्र प्लुटार्कच्या दृष्टीने कावळ्यांचे मरण हा अपशकुन होता, तर न कुजलेला देह हा विषप्रयोगाविरुद्धचा दाखला होता. म्हणजेच एका हेतूने लिहिलेला मजकूर येथे रोगलक्षण म्हणून वाचला गेला आहे. शिवाय हे ग्रंथ घटनेनंतर चारशेहून अधिक वर्षांनी लिहिले गेले. तुतनखामूनच्या ममीत २०१० साली हिवतापाच्या परजीवीचे अंश आढळल्याचे जाहीर झाले. अलेक्झांडरचे अवशेष मात्र सापडलेले नाहीत. त्यामुळे तशी तपासणी येथे शक्य नाही.

सारांश, वाढत गेलेला ताप हाच या प्रकरणातील सर्वांत विश्वसनीय दुवा होय. त्यावरून विषप्रयोगापेक्षा संसर्गजन्य रोगाची शक्यता अधिक दिसते. त्या रोगाचे नाव निश्चित करणे साधनांच्या मर्यादेपलीकडचे आहे. वैद्यकशास्त्र कितीही प्रगत झाले, तरी त्याचे निदान मूळ साधनाहून अधिक अचूक ठरू शकत नाही.