क्लिफर्ड ब्राउन विथ स्ट्रिंग्ज

क्लिफर्ड ब्राउन विथ स्ट्रिंग्ज : अमेरिकन ट्रम्पेटवादक क्लिफर्ड ब्राउन (१९३०–५६) यांचा जॅझ-अल्बम. १८ ते २० जानेवारी १९५५ या तीन दिवसांत न्यूयॉर्कमध्ये तो ध्वनिमुद्रित झाला. मर्क्युरी कंपनीच्या एमआर्सी या जॅझ-शाखेने तो प्रसिद्ध केला. मुख्यतः स्विंग या जॅझशैलीच्या जमान्यात वाद्यवृंदांनी आणि गायक-गायिकांनी घरोघरी पोचवलेली बारा गाणी त्यात आहेत. बहुतेक सगळी प्रेमाची आणि विरहाची. चार मिनिटांपर्यंत एकही जात नाही.

ब्राउन तेव्हा चोवीस वर्षांचे होते. ड्रमवादक मॅक्स रोच यांच्याबरोबर १९५४ मध्ये उभारलेल्या पंचकातले त्यांचे वादन वेगवान, तल्लख आणि तालावर घट्ट बसलेले. मात्र ध्वनिमुद्रणाच्या आदल्याच महिन्यात त्यांनी सारा व्हॉन आणि हेलन मेरिल या गायिकांच्या अल्बमांत साथ केली होती आणि संथ गाण्यांतली त्यांची हळवी बाजू तिथे दिसली होती. इथे गायिका नाही. ती जागा ट्रम्पेटने घेतली आहे.

साथीला पंचकातलेच रिची पॉवेल (पियानो), जॉर्ज मॉरो (बास) आणि रोच होते. सॅक्सोफोन वगळला, बॅरी गॅलब्रेथ यांची गिटार आली आणि भोवती तंतुवाद्यांचा ताफा बसला. त्याचे संयोजन नील हेफ्टी यांचे. वुडी हर्मन आणि काउंट बेसी यांच्या वाद्यवृंदांसाठी लिहिणारे हेफ्टी स्वतः ट्रम्पेट वाजवत.

गाण्यांची निवड पाहण्यासारखी आहे. जेरोम कर्न यांच्या तीन रचना आहेत, रिचर्ड रॉजर्स यांच्या दोन. शिवाय गर्श्विन, यूबी ब्लेक, ॲन रॉनेल आणि होगी कारमायकेल. ‘लॉरा’ हे १९४४ च्या त्याच नावाच्या चित्रपटातले. ‘व्हॉट्स न्यू’ची चाल बॉब हॅगर्ट यांनी मुळात बिली बटरफील्ड या ट्रम्पेटवादकासाठीच बांधली होती. क्लॅरिनेटवादक आर्टी शॉ यांनी १९४० मध्ये केलेल्या ‘स्टारडस्ट’च्या प्रसिद्ध ध्वनिमुद्रणातला ट्रम्पेटही बटरफील्ड यांचाच. ब्राउन यांनी जुन्या स्विंगवादकांच्या अंगणात पाऊल टाकले होते.

उपजेसाठी नावाजलेल्या या वादकाने इथे ती बरीचशी आवरली. चाल जवळजवळ जशीच्या तशी येते. ओळीच्या शेवटी छोटी हरकत, लांबलेल्या स्वरावर शेवटी येणारा कंप, ठेक्याच्या किंचित मागे रेंगाळणे, एवढ्यावरच तो भागवतो. संथ लयीत ट्रम्पेटवादकाला लपायला जागा नसते: श्वास डळमळला किंवा ओठ सैलावले की स्वर लगेच उघडा पडतो. ब्राउन यांचा स्वर खर्जात आणि तारात सारखाच भरदार, गोल राहतो. तंतुवाद्यांचे संयोजन काही जाणकारांना फार गोड वाटते आणि ते कुठे कुठे साचेबंद आहेही. पण त्यामुळेच मधला एकटा स्वर स्पष्ट उठून दिसतो. ‘कान्ट हेल्प लव्हिन डॅट मॅन’मध्ये तो गळ्यातून आल्यासारखाच वाटतो.

या अल्बमनंतर ब्राउन यांना जेमतेम दीड वर्ष मिळाले. २६ जून १९५६ रोजी पेनसिल्व्हेनियातील मोटार अपघातात ते, रिची पॉवेल आणि पॉवेल यांची पत्नी नॅन्सी मरण पावले. सॅक्सोफोनवादक बेनी गोल्सन यांनी त्यांच्या स्मरणार्थ ‘आय रिमेम्बर क्लिफर्ड’ ही रचना केली. ती आज स्वतःच ट्रम्पेटवादकांचे एक आवडते बॅलड (संथ भावगीत) आहे. तंतुवाद्यांसह बॅलड वाजवू पाहणाऱ्या पुढच्या ट्रम्पेटवादकांची तुलना याच अल्बमशी होत आली. विंटन मार्सालिस यांनी १९८४ च्या ‘हॉट हाउस फ्लॉवर्स’मध्ये तीच वाट धरली. त्यातही ‘स्टारडस्ट’ आहे.