अंबर, संदल, याकूत: दख्खनच्या हबशांची घरे, पेहराव आणि अभिरुची

आफ्रिकेबाहेर विखुरलेल्या कृष्णवर्णीय कलावंतांची घरे, त्यांच्या बैठकी, त्यांचा पेहराव यांवर अलीकडे इंग्रजीत पुष्कळ लिहिले जाते. त्या लेखनात न्यूयॉर्क, लंडन, लागोस ही शहरे येतात. विजापूर आणि खडकी ही नावे मात्र क्वचितच आढळतात. वास्तविक सोळाव्या आणि सतराव्या शतकांत आफ्रिकी वंशाच्या माणसांनी जगात जिथे जिथे सत्ता आणि संपत्ती मिळवली, तिथल्या यादीत दख्खनचा क्रमांक बराच वर लागावा. सोलापूरकरांना तर हा इतिहास हाताच्या अंतरावर आहे. शहरातली विजापूर वेस ज्या नगराच्या नावाने ओळखली जाते, ते शंभरेक किलोमीटरवर आहे; आणि भुईकोट किल्ल्याने एका हबशी वजिराचा अंमलही अनुभवलेला आहे. भातवडीच्या लढाईनंतर (१६२४) मलिक अंबराने आदिलशाहीवर चाल केली, नवरसपूर लुटले आणि सोलापूर घेतले. १६३६च्या वाटणीत हा मुलूख पुन्हा विजापूरकडे गेला.

आपल्या इतिहासलेखनात हा मलिक अंबर गनिमी काव्याचा जाणकार आणि जमीनमहसुलाची घडी बसवणारा कारभारी म्हणून येतो. जंजिऱ्याचे सिद्दी येतात ते मराठ्यांना सळो की पळो करून सोडणारे दर्यावर्दी म्हणून. दोन्ही चित्रे खरी आहेत. पण त्यांत एक गोष्ट हरवते. ही माणसे कुठल्या तरी घरात राहत होती, अंगावर काही तरी निवडून घालत होती, गवंड्याला आणि रंगाऱ्याला काही तरी सांगत होती. तलवारीखेरीज त्यांना डोळाही होता. हा डोळा कसा होता, याचा शोध घ्यायचा तर सुरुवात त्यांच्या नावांपासून करावी लागते.

अंबर, संदल, याकूत, रैहान. अंबर म्हणजे देवमाशापासून मिळणारे सुगंधी द्रव्य. संदल म्हणजे चंदन. याकूत म्हणजे माणिक. रैहान म्हणजे तुळशीच्या जातीची सुवासिक वनस्पती. गुलाम विकत घेतला की त्याचे जुने नाव पुसून असे नवे नाव ठेवण्याची रीत अरबी जगात रूढ होती. इथिओपियात १५४८च्या सुमारास जन्मलेल्या, मोखा आणि बगदादच्या बाजारांतून गेलेल्या एका मुलाचे मूळ नाव ‘चापू’ होते, असे डच व्यापारी पीटर व्हान डेन ब्रूक याने नोंदवले आहे. ‘अंबर’ हे नाव त्याला बगदादच्या मालकाने, मीर कासिमने दिले. पुढे निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. हा चंगीझखानही हबशीच, आणि एके काळचा गुलाम.

आता दुसरीकडे पाहा. इब्राहिम आदिलशहा दुसरा (१५८०–१६२७) याच्यासाठी ‘इत्र-ए-नवरसशाही’ नावाचा सुगंधविद्येवरचा ग्रंथ रचला गेला. अत्तरे, उटणी, धूप यांच्या कृती आणि महालातली दालने सुगंधित करण्याचे प्रकार हा त्याचा विषय. दख्खनी घराची सजावट डोळ्यांइतकीच नाकासाठी असे, हे आपण विसरलो आहोत. चांदवा, पडदे, गाद्या आणि लोड यांच्या बरोबरीने धूपदाणीला बैठकीत हक्काची जागा होती. तेव्हाच्या सुगंधशास्त्रातली प्रधान द्रव्ये कोणती? अंबर, चंदन, कापूर. म्हणजे श्रीमंताच्या दालनात जे जाळायचे, उगाळायचे, अंगाला लावायचे किंवा बोटात घालायचे, त्याच वस्तूंची नावे विकत आणलेल्या माणसांना दिलेली होती. ही माणसे घराच्या सामानाच्या यादीतली होती, असे म्हटले तर ते कठोर वाटेल. पण नावांमागचा हिशेब तोच आहे. या सामानातून उठून काही जण घराचे मालक कसे झाले आणि मालक झाल्यावर त्यांनी काय निवडले, हा खरा कुतूहलाचा विषय आहे.

विजापूरच्या जामा मशिदीतला मेहराब हा या कुतूहलाचा सर्वात देखणा पुरावा. मशीद पहिल्या अली आदिलशहाच्या काळातली. तिच्या मेहराबाला आजचे रूप मिळाले ते मुहम्मद आदिलशहाच्या कारकिर्दीत, १६३६च्या सुमारास, आणि ते काम मलिक याकूत दाभोळी याच्या नावावर आहे. याकूतला अभ्यासक हबशी मानतात. ‘दाभोळी’ हा शब्द आपल्याला कोकणातल्या दाभोळ बंदराकडे नेतो. अरबस्तानाशी आणि लाल समुद्राशी व्यापार करणारे आदिलशाहीचे हे मोठे बंदर होते, तेव्हा या नावाला खाऱ्या पाण्याचा वास आहे.

मेहराब सोन्याने आणि रंगांनी मढवलेला आहे. पण नजर खिळते ती त्यावर काय रंगवले आहे याने. भिंतीत कोनाडे असल्याचा आभास आहे आणि त्या खोट्या कोनाड्यांत पुस्तके ठेवलेली आहेत. फुलांनी भरलेल्या सुरया आहेत, साखळ्या आहेत, धूपदाण्या आहेत. मनोरे आणि कबरीही आहेत. प्रार्थनेची दिशा दाखवणारी ही भिंत एखाद्या सुसंस्कृत माणसाच्या अभ्यासिकेसारखी दिसते. त्या काळच्या संपन्न घरांत भिंतीतल्या लहान लहान कोनाड्यांतून चिनी मातीची भांडी आणि सुरया मांडत, त्याला ‘चिनीखाना’ म्हणत. खरी घरे पडली, त्यांतली पुस्तके आणि सुरया गेल्या; घराचे चित्र मात्र मशिदीच्या भिंतीवर टिकले. दख्खनी दालनाचा इतका तपशीलवार दस्तऐवज दुसरीकडे सहजी सापडत नाही. ज्याचे स्वतःचे नाव एका रत्नावरून ठेवलेले, त्याने हे दालन सोन्यात उभे करावे, यात योगायोगापेक्षा काही अधिक आहे असे मला वाटते. (सिद्ध करता येणार नाही, हे खरेच.)

इब्राहिम रोजाचे प्रकरण थोडे वादाचे आहे. तिथल्या शिलालेखात काम पार पाडणारा म्हणून मलिक संदलचे नाव आहे, आणि सुमारे दीड लाख होन खर्च झाल्याचा उल्लेख आहे. काही जण संदलला फारसी ठरवतात, काही हबशी. ‘मलिक’ या उपाधीला जोडलेले ‘संदल’सारखे द्रव्यनाम पाहता मला दुसरा पक्ष अधिक पटतो. ‘फारसी स्थपती’ हे बिरूद, इमारत फारच सुंदर असली की आपोआप चिकटवण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. रोजाच्या आतल्या दालनाचे छत घुमटाच्या पोटात सपाट बसवलेले आहे. दगडी लाद्या कशाच्या आधारावर उभ्या आहेत ते पाहणाऱ्याला उमगत नाही. त्याहून विलक्षण तिथल्या खिडक्या आहेत. जाळीची नक्षी अरबी अक्षरांचीच असल्याने उजेड अक्षरांच्या फटींतून आत येतो. खिडकी वाचायची आणि वाचता वाचता तिच्यातून उजेड घ्यायचा, ही कल्पना ज्याला सुचली त्याला नुसता मुकादम म्हणून निकालात काढणे अन्यायाचे ठरेल.

जाळी म्हटल्यावर अहमदाबाद आठवणे अपरिहार्य आहे. गुजरातची सल्तनत अकबराच्या हाती गेली त्याच सुमारास, १५७२–७३मध्ये, सिदी सईद या हबशी सरदाराने तिथे एक लहानशी मशीद बांधली. तिच्या अर्धवर्तुळाकार खिडक्यांतला दगडी वृक्ष आज त्या शहराची ओळख झाला आहे. अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेचे बोधचिन्हही त्याच जाळीवरून घेतलेले आहे. ते रोज पाहणाऱ्यांपैकी किती जणांना त्या झाडामागचा आफ्रिकी माणूस ठाऊक असेल?

मलिक अंबराची अभिरुची या सगळ्यांहून वेगळी, काहीशी रुक्ष वाटावी अशी. १६१०मध्ये खडकी (पुढचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर) त्याने राजधानी म्हणून वसवली. तिथे भडकल दरवाजा आणि नौखंडा महाल बांधला. महालाचा बराचसा भाग आता उरलेला नाही आणि जे वर्णन मिळते त्यात नंतरच्या निजामांची भर मिसळलेली आहे. पण त्याची खरी गृहरचना जमिनीखाली आहे. नहर-ए-अंबरी म्हणजे डोंगराच्या पायथ्याचे झिरपे भुयारी मार्गाने गोळा करायचे, खापरी नळांतून उतारावर वाहून न्यायचे, वाटेत हवा निघून जायला उच्छ्वास ठेवायचे आणि शहरातल्या हौदांपर्यंत पोहोचवायचे. दुष्काळी मुलखातल्या घरात सर्वात मोठा ऐवज पाणी असतो. सोलापूरच्या वाचकाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. झुंबर टांगण्याआधी हौद भरावा असे या माणसाचे तारतम्य होते.

त्याच्या पेहरावातही हेच दिसते. मुघल चित्रकार हाशिमने १६२०च्या सुमारास काढलेले त्याचे चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. भारदस्त देह, एका बाजूने दिसणारा करारी चेहरा, साधा पांढरा जामा, कमरेला पटका. व्हान डेन ब्रूकला १६१७मध्ये त्याचा चेहरा पाहून रोमन पुतळ्यांची आठवण झाली होती. पांढऱ्या तलम सुताचा जामा ही तेव्हाच्या दख्खनची मिरासच. काळ्या देहावर तो जसा उठून दिसतो तसा क्वचितच दुसऱ्यावर दिसत असेल, आणि हे हाशिमला नेमके दिसले आहे. चित्र शत्रूच्या दरबारातले आहे, हे ध्यानात घ्यायला हवे. त्याच दरबारात १६१६च्या सुमारास अबुल हसनने जहांगीर मलिक अंबराच्या भाल्यावर टोचलेल्या शिरावर बाण मारत असल्याचे चित्र काढले. ते आज डब्लिनमध्ये आहे. प्रत्यक्षात अंबर १६२६पर्यंत जगला आणि जहांगिराच्या हाती कधीच लागला नाही. जे रणांगणावर जमले नाही ते कागदावर उरकून घेतलेले आहे.

याच्या उलट विजापूरचा इखलासखान. मूळ नाव रैहान. मुहम्मद आदिलशहाच्या काळातला सर्वशक्तिमान वजीर. चित्रकारांनी त्याला पुन्हा पुन्हा काढले: कधी हातात अर्ज घेऊन, कधी सुलतानाच्या मागे हत्तीवर बसलेला. हत्तीवरच्या त्या चित्रात मालक पुढे आणि वजीर मागे असा शिष्टाचार पाळलेला आहे, पण दोघांच्या थाटात फारसे अंतर नाही. विजापूरच्या चित्रकारांनी त्याचा काळा वर्ण कुठेही फिका केलेला नाही की विकृत केलेला नाही. सतराव्या शतकातल्या युरोपीय चित्रांत काळा माणूस बहुधा कोपऱ्यात, तबक धरून उभा असतो. इथे तो चित्राचा विषय आहे.

जंजिऱ्याच्या नवाबांच्या वाड्यांबद्दल थोडक्यात. किल्ल्यातला सुरूलखानाचा वाडा पडीक आहे, खोकरीच्या कबरी दख्खनी वळणाच्या आहेत, आणि मुरुडचा १८८५चा राजवाडा व्हिक्टोरियन काळाच्या छायेतला. समुद्राकडे तोंड करून तो मोठ्या ऐटीत उभा आहे. पण त्या काळच्या कुठल्याही संस्थानिकाला तो शोभला असता. विजापुरी मेहराबाच्या तोडीचे त्यात मला काही दिसत नाही.

आतापर्यंतची सगळी नावे सत्तेपर्यंत पोहोचलेल्यांची झाली. पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेले जे हबशी आणि आफ्रिकी गुलाम घाट चढून रानात निसटले, त्यांचे वंशज उत्तर कन्नडमधील यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या भागांत राहतात. हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती अशा तिन्ही धर्मांत विभागलेले हे सिद्दी कोकणीच्या जवळची बोली बोलतात. २००३मध्ये कर्नाटकात त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. त्यांच्या घरात मेहराब नाही, पण स्त्रियांनी शिवलेली ‘कवंदी’ आहे. जुन्या लुगड्यांचे, लुंग्यांचे, परकरांचे तुकडे एकावर एक ठेवून कडेपासून धावदोरा घालत मध्याकडे यायचे, अशी तिची रीत. अमेरिकी कलाइतिहासकार हेन्री ड्र्युअल यांच्या प्रयत्नाने २००४मध्ये या स्त्रियांची सहकारी संस्था उभी राहिली आणि कवंद्या परदेशी प्रदर्शनांत गेल्या. तिथे त्यांची तुलना अलाबामातल्या गीज बेंड गावच्या काळ्या स्त्रियांच्या गोधड्यांशी झाली, ज्या २००२मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात मानाने लागल्या होत्या.

तुलना मोहक आहे, पण ती करताना जरा थांबावे. सोलापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही आजीला कवंदी दाखवली तर ती म्हणेल, ही तर आमची वाकळ. कानडी बोलणारी असेल तर ‘कौदी’ म्हणेल, आणि ‘कवंदी’ हा शब्द त्याच शब्दाचा भाऊ दिसतो. धावदोरा, थर, जुन्याचा पुनर्वापर हे सारे दख्खनचे आहे. मग आफ्रिकी काय उरते, असा प्रश्न येतो. रंगांच्या बेधडक जोडण्या, ठिगळांची मुद्दाम मोडलेली ओळ यांत आफ्रिका शोधणारे शोधतात. मला ते अर्धेच पटते. याकूतचा मेहराबही दख्खनीच आहे, आणि अंबराचा जामाही. हबशांनी इथे आफ्रिका उभारली नाही. त्यांनी इथलेच साहित्य घेतले आणि ते इथल्या पुष्कळांपेक्षा चांगले वापरले. त्यांचे कर्तृत्व मोजायला दूरचा वारसा सिद्ध करण्याची अट कशाला हवी?

कवंदीत एक बारकावा मात्र सिद्दी स्त्रियांचा खास आहे. चारही कोपऱ्यांवर कापडाच्या त्रिकोणी घड्यांची टोके शिवतात, त्यांना ‘फुला’ म्हणतात. थंडी अडवण्याच्या कामी या फुलांचा काही उपयोग नाही. पण फुले नसलेली कवंदी पुरी झाली असे त्या मानत नाहीत. ती त्यांच्या लेखी उघडी, नागवी असते.