भरती-ओहोटीमधली भूमी

जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांतील मनुष्यास समुद्राचे काय प्रयोजन, असा प्रश्न आमच्या वाचकांपैकी कोणी विचारील. सह्याद्रीच्या पाठीशी वसलेला हा मुलूख. येथे खारा वारा नाही की गलबताचे शीड नाही. परंतु इतिहासाची साक्ष निराळी आहे. नाणेघाटातील लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिच्या काळचा लेख इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात कोरला गेला, आणि त्याच घाटाने जुन्नरचा व्यापार कल्याणकडे उतरत असे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात कल्याण व सोपारा या दोन्ही बंदरांचा उल्लेख आहे. जुन्नरच्या लेण्यांत तर तीन यवनांची दाने नोंदलेली आहेत. त्यांतील एकाने पाण्याची टाकी दिली, दुसऱ्याने भोजनमंडप. समुद्र जुन्नरास आला नाही, तरी समुद्रावरून आलेली माणसे आली.

ज्या काळ्या दगडात ही टाकी खोदली गेली, तोच दगड खाली कोकणात समुद्रास भिडतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी उसळलेल्या लाव्ह्याचा हा एकच विस्तार. त्याचा एक भाग शिवनेरीचा कडा झाला, दुसरा लाटांखालचा खडक झाला. ओहोटीत उघडा पडणाऱ्या त्या खडकास कोकणातले लोक खडप म्हणतात. इतिहासाने बंदर नोंदले, जकात नोंदली, दात्याचे नाव नोंदले. बंदराशेजारच्या खडपास मात्र त्याच्या पानांत क्वचितच स्थान मिळाले. तेथे नगर नाही, शेत नाही. दिवसातून दोनदा पाण्याखाली जाणारी ती जागा. तिला पडीक समजणे सोपे होते.

ती पडीक आहे काय, हे पाहावयाचे तर ओहोटीची वेळ साधली पाहिजे. ती साधण्याची युक्ती कोळ्यांस पूर्वापार ठाऊक आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, म्हणजे मुंबईच्या आसपास पूर्ण भरतीचा तास मिळतो. चतुर्थीस तीन वाजता, अष्टमीस सहा वाजता. त्यापुढे सुमारे सहा तासांनी ओहोटी. या हिशेबाने आम्ही एकदा अलिबागेस गेलो आणि 1680 साली ज्याचे बांधकाम सुरू झाले त्या कुलाबा किल्ल्याच्या पायथ्याशी खडपावर उभे राहिलो. प्रथमदर्शनी सारा चिखल व शेवाळ वाटले. थोडे थांबल्यावर त्यात पंक्ती दिसू लागल्या. अगदी वर, जेथे उधाणाचे तुषार तेवढे पोचतात, तेथे वाटाण्याएवढे शंख भेगांत दडलेले. त्याखाली चुन्याच्या बारीक शंकूंसारखे, खडकास जन्मभर चिकटलेले बार्नॅकल. त्याखाली कालवांचा थर. आणि सर्वांत खाली, जेथून पाणी फार थोडा वेळ हटते, तेथे हिरवे-तांबडे समुद्रशेवाळ व समुद्रफुले. पंक्तिभेदाची आम्हांस चीड आहे. पण ही व्यवस्था पाहून आम्ही थक्क झालो.

या पंक्ती कोण ठरवितो? जोसेफ कॉनेल या शास्त्रज्ञाने स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर दोन जातींच्या बार्नॅकलांचा अभ्यास करून 1961 साली याचे उत्तर प्रसिद्ध केले. वरच्या पंक्तीतील जात खालीही सुखाने जगू शकते. परंतु खालची जोमाने वाढणारी जात तिला चेपून, उपटून टाकते. खालच्या जातीस वर चढता येत नाही, कारण तेथील ऊन व कोरडेपणा तिला सोसत नाही. म्हणजे वरची सीमा बहुधा निसर्ग घालतो आणि खालची शेजारी. पुढे रॉबर्ट पेन याने अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर एका खडकावरील तारामासे वेचून काढून टाकले. 1966 साली त्याने लिहिले की, त्या खडकावर पूर्वी पंधरा जाती होत्या, त्या आठ उरल्या. शिंपल्यांनी जागा बळकावली. कमानीतील मधला दगड काढावा आणि कमान ढासळावी, तसा हा प्रकार. लेणी-मंदिरांच्या मुलखातील वाचकांस ही उपमा समजावून सांगावयास नको.

आता पुन्हा घाट चढू. आंबेगाव तालुक्यास ज्या गावाचे नाव मिळाले, ते जुने आंबेगाव घोडनदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयात बुडाले. तेव्हापासून या डोंगरातही एक भरती-ओहोटी सुरू झाली. फरक इतकाच की ती वर्षातून एकदा येते. पावसाळ्यात पाणी चढते, उन्हाळ्यात उतरते, आणि उघड्या पडलेल्या गाळावर विस्थापित महादेव कोळी कुटुंबे गाळपेर करतात. दुरून पाहणारास तो केवळ चिखल दिसतो. त्या कुटुंबांची मात्र ती भाकरी आहे. खडपावर कोयतीने कालवे फोडणाऱ्या कोकणातील बाईची गोष्ट याहून वेगळी नाही. पाण्याने अर्धा वेळ झाकलेली जमीन कोणाचीच नव्हे, असे समजणे ही दोन्हीकडे एकच चूक होय.

या चुकीची किंमत मुंबईने नुकतीच मोजली. 2018 साली किनारी रस्त्याचे काम सुरू झाले आणि हाजी अली-वरळीकडील खडपाचा काही भाग भरावाखाली गेला. 2020 साली तेथील प्रवाळांच्या काही वसाहती उचलून अन्यत्र लावण्यात आल्या. तेथे प्रवाळ आहेत, हे अनेक मुंबईकरांस तेव्हाच कळले! 2017 पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' या उपक्रमातील तरुण मंडळी नागरिकांस ओहोटीच्या वेळी खडपावर नेऊन एकेक जीव दाखवीत व नोंदवीत आहेत. हे काम उशिरा झाले, तरी ते इतिहासाचेच काम आहे, असे आम्ही मानतो.

रस्ते होऊ नयेत असे आमचे म्हणणे नाही. नाणेघाट हाही एक रस्ताच होता. परंतु जुन्नरच्या लेण्यांत ज्याने एक टाकी दिली त्याचेही नाव दगडावर राहिले. जी भूमी आपण कायमची झाकून टाकतो, तिच्यावर कोण राहत होते याची निदान एक यादी तरी मागे राहावी. आमच्या वाचकांनी येत्या सुटीत पंचांग उघडावे, तिथीची पाऊणपट करावी आणि मुलांस घेऊन खडपावर जावे. भरतीच्या वेळी मात्र जाऊ नये. तेव्हा तेथे काहीच नाही, असे वाटण्याचा संभव आहे.