पालखीतला खंड्या

साताऱ्याला जायचं ठरलं आणि पहिला प्रश्न आला.. मोतीचं काय? मागल्या वेळी त्याला इथेच नायगावात शेजाऱ्यांकडे ठेवलं होतं. चार दिवस अन्नाला तोंड न लावता पठ्ठ्या आमच्या बंद दारासमोर बसून होता, हे परत आल्यावर कळलं. आता तो तेरा वर्षांचा आहे. या वेळी त्याला सोडून जायचं नाही, एवढं नक्की होतं.

मग फोनाफोनी. "कुत्रा चालेल का?" म्हटलं की पलीकडे आधी शांतता. एकाने "केवढा आहे?" विचारलं, दुसऱ्याने "रात्री बाहेर बांधावा लागेल" म्हणून सांगितलं. आणि हे साताऱ्यात हं! जिथे एका कुत्र्याच्या दिमतीला पालखी होती, त्या साताऱ्यात.

तो कुत्रा छत्रपती शाहू महाराजांचा (थोरले शाहू, संभाजीराजांचे चिरंजीव). लोक त्याला खंड्या म्हणतात. शिकारीत वाघापासून त्याने महाराजांचा जीव वाचवला. महाराजांनी त्याच्या नावाने जहागिरीची सनद काढली, पालखीचा मान दिला, आणि पालखी म्हणजे नुसती शोभेची नव्हे, तिचा सगळा सरंजामही ठेवला गेला. एकदा तर दोन सरदारांना भेट द्यायची होती तेव्हा भर दरबारात या कुत्र्याला जरीचे कपडे नि दागिने घालून महाराजांनी आपली पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली.

हे सगळं ग्रँट डफने १८२६ साली छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासात आहे. त्याने ते महाराजांच्या उतारवयातल्या भ्रमिष्टपणाच्या खात्यात टाकलंय. पगडीचं समजू शकतो. पण ज्याने वाघाच्या तोंडून सोडवलं त्याला प्रवासात पायी चालवायचं नाही, यात वेड ते कसलं? साहेबाने बहुधा कुत्रा पाळला नसावा. असो.

गंमत म्हणजे रायगडावरचा वाघ्या सगळ्यांना ठाऊक. त्याचं स्मारक १९३६ चं, होळकरांच्या देणगीतून झालेलं, आणि त्याच्या कथेला समकालीन कागदांचा आधार नाही म्हणून वाद अजून चालू. २०१२ साली तर पुतळा काढून पुन्हा बसवावा लागला. ज्याची हकीकत दोनशे वर्षांपूर्वी छापली गेली तो खंड्या मात्र साताऱ्याबाहेर फारसा कुणाला माहीत नाही.

आणखी एक विसंगती. १९५९ च्या नियमांप्रमाणे पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूत देखभालीच्या कामाशिवाय प्राणी आणायला मनाई आहे. म्हणजे रायगडावर दगडाचा.. सॉरी, धातूचा कुत्रा चालतो, जिवंत आणायचा नाही! आमच्या वसईच्या किल्ल्यालाही तोच नियम. तिथली गावठी कुत्री मात्र पोर्तुगीज चर्चच्या सावलीत खुशाल ताणून देतात, त्यांना कोण तिकीट विचारणार..

रेल्वेचा विचार केला होता. पण तिथे एक तर ब्रेकव्हॅनमधली पेटी, नाहीतर पहिल्या वर्गाचा अख्खा कूपे. म्हाताऱ्याला पेटीत कोंडायचं मन होईना, आणि कूपे खिशाला झेपेना. शेवटी आमची जुनी गाडी हीच त्याची पालखी. दर दीड-दोन तासांनी थांबत, पाणी पाजत गेलो. राहायला शहराबाहेर एका शेतकऱ्याच्या घरी खोली मिळाली. काकूंची अट एकच, "कोंबड्यांच्या मागं लागला नाही म्हंजे झालं." मोतीचे गुडघे बघता ती चिंता नव्हती.

दुसऱ्या दिवशी संगम माहुलीला गेलो. कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, महाराजांच्या समाधीजवळच, खंड्याचीही समाधी आहे. मुलांना गोष्ट सांगत होतो. मोतीने लांबूनच दगडी भाऊबंदाचा वास घेतला, शेपूट हलवली, आणि मग सवयीप्रमाणे मागचा पाय उचलायच्या बेतात आला.

पट्टा वेळेवर खेचला, नाहीतर सनद आमच्या नावाने निघाली असती!