जुन्या जाळ्याचें नवें वस्त्र आणि त्याचें माप



गेल्या उन्हाळ्यांत माझी नात पोहणें शिकण्यासाठीं तलावावर जाऊं लागली. तिच्यासाठीं जो पोशाख आणला, त्याला एक लहानशी चिठी जोडलेली होती. टाकून दिलेल्या मासेमारीच्या जाळ्यांपासून हें वस्त्र केलें असून त्यायोगें निसर्गाचें रक्षण होतें, अशा आशयाचा मजकूर तीवर छापलेला होता. तो वाचून नातीनें मला विचारलें, "आजोबा, रक्षण होतें म्हणजे किती होतें?"

मी मुळशी तालुक्यांतील भरे या गांवचा. सारी हयात मुलांना गणित व इतिहास शिकविण्यांत गेली. 'किती' हा प्रश्न मुलांनीं विचारावा म्हणून ज्यानें खटपट केली, त्यानेंच तो टाळणें शोभलें नसतें. उत्तर शोधतांना जो थोडा इतिहास हातीं लागला, तो आज आपणांपुढें ठेवीत आहें.

प्रथम आपल्याकडील पोहण्याच्या वस्त्राकडे पाहूं. माझ्या लहानपणीं आम्ही मुलें विहिरींत पोहावयास शिकलों. अंगावर एक लंगोट, आणि तोही आजोबांच्या फाटक्या धोतराचा. पाठीला वाळलेला भोपळा किंवा डालड्याचा रिकामा डबा दोरीनें बांधलेला. म्हणजे वस्त्र जुन्याचें आणि तरंगण्याचें साधनही जुन्याचेंच! त्यांत आम्ही कांहीं विशेष करीत आहों, असें कोणासही वाटत नसे. लुगडें मध्यें विरलें कीं त्याला दंड घालून तें पुन्हा नेसावयाचें; त्यापुढें त्याची गोधडी किंवा बाळाचीं दुपटीं व्हावयाचीं; आणि अगदींच जीर्ण झालें म्हणजे चिंधीचें पोतेरें. शहरांत हेंच काम बोहारीण करी. जुने कपडे घेऊन ती नवीं भांडीं देई, आणि तिच्या गाठोड्यांतील कपडे जुन्या बाजारांत नव्या धन्याची वाट पाहत.

चिंधीचाही शेवट तेथें होत नसे. जुन्नर आणि दौलताबाद येथील हातकागद मराठी दप्तरांत नांवाजलेला होता. पुण्यास १९४० सालीं हातकागद संस्था स्थापन झाली; तेथें सुती चिंध्यांचा लगदा करून त्यापासून कागद तयार करीत. एकेकाळीं जें कोणाच्या अंगावर होतें, तें अशा रीतीनें कोणाच्या तरी लेखणीखालीं येई.

या व्यवहाराला माप नव्हतें असें नाहीं. बोहारीण कपड्याचा पोत बोटांनीं चाचपून, उन्हाकडे धरून, किती घासाघीस करावयाची तें ठरवी. चिंध्यांचा व्यापारी वजनावर घेई. याहून सूक्ष्म मापाची गरज पडली नाहीं, कारण कापूस मातींतून येई आणि मातींतच कुजून जाई. राहिलेल्या शिलकेचा हिशेब काळ स्वतःच पुरा करी.

तो हिशेब गेल्या शतकांत बिघडला. पाश्चात्य देशांत पूर्वी पोहण्याचे पोशाख बहुधा लोंकरीचे असत. १९१२ सालीं स्टॉकहोमच्या ऑलिंपिक सामन्यांत स्त्रियांच्या पोहण्याच्या शर्यती प्रथमच झाल्या. त्या काळीं भिजल्यावर जड होणारें आणि अंगावर लोंबणारें वस्त्र ही पोहणाऱ्याची मोठी अडचण होती. १९३५ सालीं अमेरिकेंतील डू पाँट कंपनीच्या प्रयोगशाळेंत वॉलेस कॅरोथर्स या रसायनशास्त्रज्ञानें नायलॉन तयार केलें. १९३८ सालीं जर्मनींत पॉल श्लाक यानें दुसऱ्या मार्गानें त्याच कुळांतील एक तंतू सिद्ध केला. त्याला आज नायलॉन-६ म्हणतात. पुढें १९५८ सालीं डू पाँटच्याच जोसेफ शिव्हर्स यानें रबरासारखा ताणला जाणारा स्पँडेक्स हा धागा शोधून काढला. या दोहोंच्या विणीपासून हलका, चटकन वाळणारा आणि अंगाबरोबर बसणारा पोशाख होऊं लागला. परंतु त्याचें मूळ शेतांत नसून खनिज तेलांत होतें.

हाच तंतू कोळी बांधवांच्या हातीं गेला. पूर्वीचीं जाळीं सुताचीं किंवा तागासारख्या वाखाचीं असत. तीं वारंवार सुकवावीं लागत, आणि जपलीं तरी कुजत. नायलॉनचीं व त्यासारख्या इतर कृत्रिम तंतूंचीं जाळीं कुजत नाहींत. आपल्या पुण्याजवळ चिंचवड येथें १९७६ सालीं स्थापन झालेली गरवारे-वॉल रोप्स ही कंपनी अशा दोरांच्या व जाळ्यांच्या उत्पादनांत नांवारूपास आली. कोळ्याचे श्रम वांचले, यांत शंका नाहीं. पण न कुजण्याचा हा गुण जाळें हातांत आहे तोंवरच गुण! तें तुटून समुद्रांत हरवलें कीं धनी नसतांनाही तें मासे धरीतच राहतें. डहाणू येथील कासवांच्या शुश्रूषा-केंद्रांत जाळ्यांत गुरफटून जखमी झालेलीं कासवें आणिलीं जातात, तीं याची साक्ष देतात.

अशा जाळ्यांचें पुन्हा सूत करण्याची युक्ति श्लाकच्या तंतूंतच दडलेली होती. नायलॉन-६ हें एकाच प्रकारच्या रेणूंची माळ आहे. माळ तोडून मणी वेगळे करावे आणि तेच मणी पुन्हा ओवावे, तसें त्याचें होतें. इटलींतील अक्वाफिल या कंपनीनें २०११ सालापासून स्लोव्हेनिया देशांत मोठ्या प्रमाणावर हें काम चालविलें आहे. मात्र तेथील सर्वच माल समुद्राच्या तळांतून काढलेला नसतो. मत्स्यशेतीवाल्यांनीं निकामी म्हणून दिलेलीं जाळीं, जुने गालिचे आणि कारखान्यांत वायां गेलेलें सूत हींही त्यांत असतात. चिठीवर 'जाळीं' हा शब्द मोठा छापतात. बाकीच्या वस्तु तितक्या काव्यमय नसल्यामुळें मागें राहतात.

आतां नातीच्या प्रश्नाकडे वळूं. एखाद्या वस्तूचा निसर्गावर पडणारा भार मोजण्याचें शास्त्र फार जुनें नाहीं. १९६९ सालीं अमेरिकेंतील कोका-कोला कंपनीनें मिडवेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूट या संस्थेकडून निरनिराळ्या बाटल्यांची तुलना करविली. कच्चा माल किती लागला, इंधन किती जळलें, कचरा किती झाला, हें जन्मापासून अंतापर्यंत मोजावें, अशी ती कल्पना होती. तिलाच पुढें 'जीवनचक्र-मूल्यमापन' असें नांव मिळालें, आणि १९९७ सालीं तिच्यासाठीं आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरविण्यांत आलें. या शास्त्राची शिकवण थोडक्यांत अशी कीं, मोजण्यापूर्वीं तीन गोष्टी सांगाव्या: हिशेबाची सीमा कोठें आंखली, तुलना कोणत्या एककानें केली, आणि काय मोजावयाचें राहिलें.

सीमेचें महत्त्व आम्हां मुळशीकरांना कोणी पुस्तकांतून शिकवावयास नको. मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळावी म्हणून मुळशीस धरण बांधण्याचें ठरलें, तेव्हां १९२१ सालीं सेनापति बापट यांच्या नेतृत्वाखालीं मावळ्यांनीं सत्याग्रह केला. तो १९२४ पर्यंत चालला, आणि अखेर धरण झालें. वीज किती निर्माण होईल, याचा हिशेब उत्तम झाला होता. भाताचीं खाचरें, देवळें, पिढ्यान् पिढ्यांचीं घरें यांना त्या हिशेबांत किंमत मिळाली ती केवळ रुपयांत, व तीही दुसऱ्यानें ठरविलेली. त्या विजेवर मुंबईंत जें कापड निघालें, त्याच्या किंमतींत आमच्या बुडालेल्या खाचरांचा आंकडा कोठेंच दिसला नसेल. बेरीज चुकली नव्हती. रकाने कमी होते.

पोशाखाच्या हिशेबांतही असेच रकाने आहेत. पहिला प्रश्न सीमेचा. जुनें जाळें कारखान्याच्या दारांत येतें तेव्हां त्याच्या मूळ निर्मितीचा भार कोणाच्या नांवें लिहावा? पुष्कळ हिशेबांत तो पहिल्या वापरणाऱ्याच्या नांवें टाकतात आणि जुनें जाळें शून्य भारानें आलें असें धरतात. ही रीत मान्य आहे. पण ती रीत आहे, निसर्गनियम नव्हे. जमेची बाजूही लक्षांत घेतली पाहिजे. जुन्यापासून सूत करतांना नवें खनिज तेल कमी लागतें. नायलॉनचा जो दुसरा प्रकार, नायलॉन-६६, त्याच्या एका घटकाच्या निर्मितींत नायट्रस ऑक्साइड हा वायु निघतो. तो कोंडून नष्ट न केल्यास कर्बवायूच्या सुमारें २७० पट उष्णता धरून ठेवतो. जुन्या नायलॉन-६ च्या सुतानें अशा धाग्याची जागा घेतली तर लाभ निश्चित आहे.

दुसरा प्रश्न एककाचा. तुलना 'एका पोशाखामागें' करावी कीं 'एका पोहण्यामागें'? केवळ उदाहरणादाखल असें धरा कीं, नव्या सुताच्या पोशाखाचा भार १०० व जुन्याच्या सुताचा ६०. दोन्ही १०० वेळां पोहण्यास टिकले तर दर वेळचा भार पहिल्याचा १ आणि दुसऱ्याचा ०.६. परंतु दुसरा ५० वेळांतच सैल पडून फेकला गेला, तर त्याचा भार १.२ होतो, आणि जिंकलेली बाजी हरते. तलावाच्या पाण्यांतील क्लोरीन स्पँडेक्सला मारक असतें, म्हणून ही शंका कल्पित नव्हे. शिवाय स्पँडेक्स नायलॉनशीं एकदां विणला गेला म्हणजे तो वेगळा काढणें कठीण. जाळ्याचा पोशाख होतो. त्या पोशाखाचा पुन्हा पोशाख होणें आज तरी दुर्मिळ आहे.

तिसरा प्रश्न राहिलेल्या गोष्टींचा. २०१६ सालीं इंग्लंडांतील प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांनीं कृत्रिम कपडे यंत्रांत धुऊन पाहिले. सहा किलो कपड्यांच्या एका धुण्यांत अ‍ॅक्रिलिकचे सात लाखांहून अधिक सूक्ष्म तंतू सुटूं शकतात, असा त्यांचा अंदाज निघाला. नायलॉनचें प्रमाण निराळें असेल. पण सूत जुन्यापासून केलें म्हणून तंतू सुटावयाचे थांबत नाहींत. सांडपाणी शुद्ध करतांना यांतील बरेच अडतात, तरी सर्व नव्हे. आणि अडलेले गाळांत राहतात. आमच्या तालुक्यांतून पुण्याकडे वाहणाऱ्या मुळेच्या कांठीं उभा राहिलों कीं मला वाटतें, समुद्रांतून वर काढलेलें जाळें आम्ही धुण्याच्या पाण्यावाटे पुन्हा समुद्राकडे पाठवीत तर नाहीं ना? उलट, एक जाळें वेळीं बाहेर निघाल्यानें जें कासव वांचलें, तेंही कर्बवायूच्या हिशेबांत कोठें दिसत नाहीं. मोजावयाचें राहिलेलें सारेंच खर्चाच्या बाजूचें असतें असें नाहीं.

मग नातीला मीं काय सांगितलें? मीं सांगितलें कीं, चिठी खोटी नाहीं, पण अपुरी आहे. कारखान्यानें आपला अर्धा हिशेब लिहिला; उरलेला अर्धा तुझ्या हातीं आहे. पोहून आल्यावर पोशाख लगेच साध्या पाण्यांतून काढावा, सावलींत वाळवावा, यंत्रांत पिळवटूं नये. आणि अंगाला होतो तोंवर दुसरा मागूं नये. दर पोहण्यामागचा भार कमी करण्याचा याहून स्वस्त उपाय मला ठाऊक नाहीं.

तिनें एक वही केली आहे. पोहून आली कीं ती तींत एक रेघ ओढते. काल मीं पाहिलें, एकेचाळीस रेघा झाल्या होत्या, आणि शिवणीचा एक टांका उसवला होता. तिच्या आजीनें तो दुपारींच घातला. माझ्या लंगोटाचा हिशेब कोणीं ठेविला नव्हता. तेव्हां तशी गरज नव्हती. आतां ती आहे, आणि मूल तो ठेवूं शकतें, एवढें समाधान मला पुरेसें आहे.