बाळाच्या अंगावरची रेघ कुठून येते?

बाळाच्या पोटावर किंवा पायावर एक तपकिरी, खरखरीत रेघ असते. आई ती दाखवते आणि मागे बसलेली आजी हळूच म्हणते, "ग्रहणात भाजी चिरली होती हो हिने, डॉक्टर." आईची मान खाली जाते. असा प्रसंग दवाखान्यात इतक्या वेळा घडतो की आज तुम्हाला त्या रेघेचा इतिहासच सांगावा म्हणतो.

आल्फ्रेड ब्लाश्को (१८५८–१९२२) हे बर्लिनचे त्वचारोगतज्ज्ञ. गुप्तरोगांना आळा घालण्याच्या कामासाठी ते ओळखले जात. काही रुग्णांच्या अंगावरचे डाग नेमके रेघेतच का उठतात, हा प्रश्न त्यांच्या काळी चर्चेत होता. अनेकांना वाटे, रेघ मज्जातंतूच्या वाटेने जात असणार. नागीण तशीच जाते ना! ब्लाश्कोंनी रुग्णांच्या अंगावरच्या रेघा जशाच्या तशा बाहुल्यांवर उतरवून घेतल्या. असे १४० हून अधिक रुग्ण झाले. काहींच्या रेघा जन्मापासूनच्या, तर काहींच्या पुढे कधीतरी उठलेल्या. मग त्यांनी ती सगळी चित्रे एकत्र केली.

१९०१ साली ब्रेस्लाऊ (आता पोलंडमधले व्रोत्स्वाफ) इथे जर्मन त्वचारोगतज्ज्ञांच्या परिषदेत त्यांनी हा नकाशा मांडला. पाठीवर कण्यापाशी इंग्रजी व्ही अक्षरासारखा कोन, कुशीवर आणि पोटावर एस अक्षरासारखे वळण, हातापायांवर उभ्या रेघा. हा नकाशा नसांशी जुळत नव्हता, रक्तवाहिन्यांशीही नाही. ब्लाश्कोंचे म्हणणे असे, की या रेघांचे मूळ गर्भात त्वचा घडते तेव्हाच्या काळात असावे. पुरावा द्यायला मात्र त्यांच्याकडे काही साधन नव्हते. तरी त्यांचा अंदाज बरोबर होता.

गर्भाची त्वचा सुरुवातीला पेशींच्या एकाच पातळ थराची असते. साधारण चौथ्या आठवड्यात त्यावर दुसरा थर चढू लागतो. पेशी वाढत वाढत शरीराच्या मध्यरेषेकडून बाजूला पसरतात. त्याच वेळी गर्भ लांब होत असतो, वाकत असतो, म्हणून त्यांच्या वाटाही वळतात. रंग देणाऱ्या पेशी तर पाठीच्या बाजूने निघून त्वचेपर्यंत प्रवास करत येतात. आता समजा, अगदी सुरुवातीला एखाद्या पेशीच्या जनुकात आपोआप बदल झाला. तिच्यापासून पुढे होणाऱ्या सगळ्या पेशींमध्ये तो बदल राहतो आणि त्या ज्या वाटेने पसरल्या ती वाट त्वचेवर दिसते. वारीच्या गर्दीत एखाद्या दिंडीतल्या सगळ्यांनी वेगळ्या रंगाच्या टोप्या घातल्या, तर उंचावरून तिचा मार्ग ओळखू येईल, तसेच हे. हा बदल होतो तेव्हा अनेकदा दिवस गेल्याचेही आईला धड कळलेले नसते. त्यात चिरलेल्या भाजीचा काय संबंध?

पुढचा मोठा दुवा मिळाला तो उंदरांच्या केसांवरून. १९६१ मध्ये ब्रिटनच्या मेरी लायन यांनी मांडले, की मादीच्या प्रत्येक पेशीतल्या दोन एक्स गुणसूत्रांपैकी एक गर्भातच झोपी जाते. कोणत्या पेशीत कोणते, हा नशिबाचा भाग. तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते, ते याचमुळे. रुडॉल्फ हॅपल या जर्मन डॉक्टरांनी १९७० च्या दशकात हा विचार ब्लाश्कोंच्या रेघांना लावला. इनकॉन्टिनेन्शिया पिगमेंटी हा आजार बहुतेक मुलींनाच का होतो आणि त्यातले फोड, डाग रेघांमध्येच का उठतात, हे त्यातून उलगडले. (नवजात मुलीच्या अंगावर फोडांच्या ओळी दिसल्या तर थांबू नका, तिचे डोळेही लवकर तपासावे लागतात.)

१९९४ साली अमेरिकेत एमी पॅलर आणि सहकाऱ्यांनी एका प्रकारच्या खरखरीत रेघांमधली त्वचा तपासली. रेघेतल्या पेशींत केराटिनच्या जनुकात बदल होता, शेजारच्या चांगल्या त्वचेत नव्हता. पण अशा रेघा असलेल्या काही पालकांच्या मुलांमध्ये तोच बदल सगळ्या अंगभर पसरलेल्या आजाराच्या रूपाने आला होता, कारण पालकांच्या बीजपेशींपर्यंत तो पोहोचला होता. म्हणून तुमच्या स्वतःच्या अंगावर जन्मापासून अशी रेघ असेल, तर मूल होऊ देण्याआधी एकदा त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. प्रत्येक रेघेला हा धोका नसतो. कधी कधी छोटा तुकडा काढून तपासावा लागतो.

शाळेच्या वयात अचानक उठणारी बारीक पुरळाची रेघ वेगळी. तीही ब्लाश्कोंच्याच वाटेने जाते, पण बहुतेकदा एक-दोन वर्षांत आपली आपण मावळते. तिच्यावर चुना वगैरे लावू नका.