तळ्याचा धनी

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. वर्गाच्या भिंतीवर हिंगोली जिल्ह्याचा नकाशा टांगला होता. कयाधूच्या निळ्या रेघेवर छडी ठेवून मी मुलांना सहज विचारले, "ही नदी कोणाची रे?" प्रश्न पुस्तकातला नव्हता, त्यामुळे मुले क्षणभर गोंधळली. मग एकजण म्हणाला, "देवाची." दुसऱ्याने लगेच दुरुस्ती केली, "सरकारची." एवढ्यात मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच "वाळूवाल्याची!" म्हणाले आणि वर्गात हशा पिकला. मीही हसलो. पण संध्याकाळी घरी परतताना ध्यानात आले की, तिन्ही उत्तरांत "आमची" हा शब्द एकाच्याही तोंडी आला नव्हता.

वास्तविक कयाधूवर आमच्या मुलुखाने हक्क सांगावा अशी ती नदी आहे. नाव प्रल्हादाच्या आईचे. हिरण्यकशिपूची ही राणी पुराणात फार बोलत नाही. पण तिचे नाव एका नदीला देऊन लोकांनी तिची आठवण राखली. वाशीम जिल्ह्यात रिसोड तालुक्यात अगरवाडीच्या माळावर ती उगम पावते, सेनगाव, हिंगोली, कळमनुरी असे तालुके ओलांडीत पैनगंगेला मिळते. तिच्याच काठी नरसी आहे. १२७० साली नामदेव जन्मले ते हे गाव, असे आमच्याकडची परंपरा सांगते. आषाढीच्या दिवसांत नरसीला गेलेला माणूस पाण्यात पाय बुडवतोच. चैत्रात गेलेल्याला मात्र बहुधा वाळू आणि दगड पाहून परतावे लागते.

आमच्याकडे पाण्यासाठी माणसांनी हात चालविले नाहीत असे नव्हे. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील हजारो बायामाणसे खडी फोडीत होती, माती वाहत होती. माझ्या पिढीने तो दुष्काळ पाहिला नाही. पण घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तळहातावरचे घट्टे पाहिले आहेत. अमेरिकेतून आलेल्या मिलोची भाकरी आणि सुकडी यांची चव त्यांच्या जिभेवरून अखेरपर्यंत गेली नाही. त्या दुष्काळी कामांतून आणि पुढे रोजगार हमीतून गावोगाव पाझर तलाव झाले. ते गावानेच खणले, गावाच्याच शिवारात खणले. पण हजेरीपटावरचा शेवटचा अंगठा उमटला त्या दिवशी गावाचा आणि तलावाचा संबंध संपला. पुढे बांधावर बाभळी माजल्या, कोठे सांडवा फुटला. "खात्याचा आहे, खाते बघेल," असे म्हणून लोक शेजारून बैलगाडी हाकीत राहिले. यात लोकांचा आळस पाहणाऱ्यांची कमी नाही. मला तसे वाटत नाही, आणि का वाटत नाही हे सांगण्यासाठी वाचकांना थोडे पूर्वेकडे, झाडीपट्टीत न्यावे लागेल.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांच्या या पट्ट्यात सहा-सात हजार जुनी तळी आहेत. सरकारी कागदात त्यांना "माजी मालगुजारी तलाव" म्हणतात. दर वेळी एवढे लांब नाव लिहिण्याचा कारकुनांना कंटाळा आला असावा. त्यांनी त्याचे "मामा तलाव" करून टाकले. मामाच्या गावाला जाण्याची ज्यांना हौस आहे त्यांनी तेथे एकदा अवश्य जावे.

तेथे पाऊस आमच्या जवळजवळ दीडपट. मग एवढी तळी कशाला, असे कोणी विचारील. कारण भात. भाताला पाणी हवे असते ते नेमके दाणा भरताना, म्हणजे पावसाने पाठ फिरविल्यावर. आश्विनातले एक पाणी चुकले की सारा हंगाम पळिंज होतो. हे ओळखून या प्रदेशात तळी बांधणारी एक शेतकरी जमातच तयार झाली, ती कोहळ्यांची. गोंड राजांनी असा कौल दिला होता, असे परंपरा सांगते, की जो रान तोडून तळे बांधील त्याला त्या तळ्याखालची जमीन मिळेल. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्यप्रांतातील जातीजमातींवर जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला त्यात कोहळ्यांच्या या कसबाची तारीफ आहे. यंत्र नाही, दुर्बीण नाही. पावसात रान कसे वाहते ते डोळ्यांनी पाहायचे आणि दोन टेकड्यांच्या मधल्या नेमक्या जागी मातीची पाळ घालायची, ही त्यांची विद्या. गोंदिया जिल्ह्यातला नवेगावबांध हा या विद्येचा मुकुटमणी. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला असे सांगतात. सात टेकड्यांनी वेढलेले ते अफाट पाणी पाहून हे माणसाने केले आहे यावर प्रथम विश्वासच बसत नाही. वनाधिकारी म्हणून तेथे राहिलेल्या मारुती चितमपल्लींनी या पाण्यावर आणि त्यावरच्या पाखरांवर इतके लिहून ठेवले आहे की माझ्यासारख्याने त्यात भर घालू नये.

पण नवेगाव म्हणजे राजवाडा झाला. खरी गंमत आहे ती साध्या गावच्या तळ्यात. वर जंगल, त्याखाली गाळ अडविणाऱ्या लहान बोड्या, त्याखाली मोठे तळे, आणि तळ्याच्या पोटाशी भाताच्या बांध्या. पाळीतून पाणी काढण्याच्या वाटेला तेथे तुडुम म्हणतात. वरच्या तळ्यात जास्त झालेले पाणी सांडव्यावरून खालच्या गावच्या तळ्यात जायचे. म्हणजे वरच्या गावाने पाळ नीट राखली तरच खालच्या गावाची भरवण. उन्हाळ्यात तळ्याचा गाळ गाड्या भरभरून शेतात जायचा, त्यामुळे तळे खोल राही आणि शेताला खत मिळे. मासे ढिवरांचे. शिंगाडा, कमळकंद आणि देवधान नावाचा आपोआप उगवणारा रानभात, ही गरिबाच्या घरची बेगमी. गुरे पाण्यावर येत, बाया धुण्याला येत. एका तळ्यावर इतक्या जणांची चूल अवलंबून असल्यावर पाळीला भोक पडले तर रात्री कंदील घेऊन धावणाऱ्यांची वाण नसे.

हे वाचून कोणाला रामराज्य आठवेल तर त्याला मी वेळीच थांबवतो. भोसल्यांच्या काळात मालगुजार हा मूळचा सारा वसूल करणारा माणूस. इंग्रजांनी १८६० नंतरच्या जमाबंदीत त्याला गावाचा मालकच करून टाकले. मग पहिले पाणी मालगुजाराच्या शेताला. पाळ दुरुस्तीला गाव यायचे ते काही अंशी आपलेपणाने आणि काही अंशी वेठीने; या दोहोंतली रेघ कोठे होती हे त्या काळच्या मजुरालाच ठाऊक. ज्या ढिवराला तळ्याचा तळ न् तळ माहीत होता त्याला गावाच्या बैठकीत जागा कोठे होती? म्हणून १९५० साली मध्यप्रदेश सरकारने मालकी हक्क नष्ट करणारा कायदा केला आणि १९५१ च्या मार्चअखेर तो अमलात आला, तेव्हा शेकडो गावांनी सुटकेचा श्वास टाकला असेल तर त्यात नवल नाही. ती गोष्ट न्यायाचीच झाली.

मालगुजारी गेली, पण तिच्याबरोबर तळीही सरकारजमा झाली. आणि येथे घोटाळा झाला. मालगुजाराकडून घेतलेली तळी गावाला देता आली असती. ती कचेरीला दिली गेली. निस्तारपत्रकात गावाचे वापराचे हक्क लिहिले गेले खरे, परंतु सांभाळण्याचा भार कोणाचा ते मोघमच राहिले. शेतकरी म्हणाला, तळे आमच्या आज्याने बांधले, आम्ही पाणीपट्टी का द्यावी? सरकार म्हणाले, पट्टी नाही तर दुरुस्तीचा पैसा कोठून आणावा? दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी बिनतोड होते, आणि पाळ मात्र खचत होती. त्यात राज्येही बदलत गेली. १९५६ साली हा भाग मध्यप्रदेशातून द्विभाषिक मुंबईत आला, १९६० साली महाराष्ट्रात, आणि १९६२ साली जिल्हा परिषदा झाल्यावर लहान तळी त्यांच्याकडे गेली. अकरा वर्षांत चार धनी! एखादी म्हैससुद्धा इतक्या वेळा दावणी बदलली तर आटते.

पुढची हकीकत थोडक्यात सांगण्यासारखी आहे. गाळ साचला. पोट उथळ झाले तशी कडेने अतिक्रमणे आत सरकली. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या, कुंपणाला म्हणून लावलेल्या बेशरम नावाच्या झुडपाने तळी व्यापली. लोकांनी त्याला नाव मात्र अगदी अचूक दिले. ढिवरांच्या सहकारी संस्था झाल्या, तळी ठेक्याने मिळाली, आणि उत्पन्न वाढावे म्हणून बाहेरचे मत्स्यबीज सोडण्यात आले. गवत्या माशाने पाण्यातले गवत फस्त केले. गवत गेले तशी मूळच्या माशांची अंडी घालण्याची जागा गेली, पाखरेही उठली. सारसासारखा पक्षी, ज्याचे महाराष्ट्रातले घरटे आता जवळजवळ गोंदियापुरतेच उरले आहे, तो याच तळ्यांच्या आणि भातशेतीच्या आश्रयाने राहतो हे ध्यानात घेतले म्हणजे नुकसान किती खोल गेले ते कळते.

यातून वाट काढली ती मुख्यतः ढिवरांनी. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर या तळ्यांचा अभ्यास करीत गावोगाव हिंडत होते. कोणत्या तळ्यात कोणते गवत होते, कोणता मासा कोणत्या गवतात राही, हे पुस्तकात कोठेच नव्हते. ते म्हाताऱ्या ढिवरांच्या तोंडी होते. अर्जुनी मोरगाव तालुक्यातले पतिराम तुमसरे यांच्यासारखी माणसे पुढे आली, आणि या जाणत्यांच्या सांगण्यावरून काम सुरू झाले. उन्हाळ्यात बेशरम मुळासकट उपटायची, कारण कांडी मोडून फेकली तर तीच पुन्हा रुजते. मग कोरड्या तळाला नांगर घालायचा. पहिला पाऊस पडला की दुसऱ्या चांगल्या तळ्यातून आणलेल्या पाणवनस्पती चिखलात रोवायच्या, थेट भाताच्या रोवणीसारख्या. यात बायकांचा वाटा मोठा होता. रोवणीचे काम त्यांच्या हातचे असल्याने पुरुषांना बांधावर उभे राहून सल्ला देण्यापलीकडे फारसे उरले नसावे! दोन-तीन वर्षे गवतखाऊ मासा आत येऊ द्यायचा नाही, एवढे पथ्य. पथ्य पाळले गेले तेथे मरळीसारखे मूळचे मासे परतले, जाळे जड होऊ लागले.

हे सारे घडले तेव्हाही तळी कागदावर सरकारचीच होती, हे मला महत्त्वाचे वाटते. ढिवरांजवळ सातबारा नव्हता. ठेक्याचा कागद होता आणि पिढीजात माहिती होती. आपल्या पाझर तलावांच्या बाबतीत आम्ही सातबाऱ्याची वाट पाहत बसलो काय, असे कधी कधी मनात येते. पण लगेच दुसरी बाजूही दिसते: ढिवराला तळ्यातून रोजचा मासा मिळत होता. आमच्या पाझर तलावातून शिवारातल्या पाच-दहा विहिरींना पाणी मिळे. ज्याची विहीर नाही त्याने कशासाठी कंदील घेऊन धावावे?

या प्रश्नाचे एक उत्तर सांगली जिल्ह्यात खानापूर तालुक्यातल्या माणसांनी दिले होते. येरळा नदीतली वाळू ठेकेदार उपसून नेत होते, नदी आणि विहिरी कोरड्या पडत होत्या. १९८० नंतरच्या त्या दुष्काळी वर्षांत भारत पाटणकरांच्या मुक्ती संघर्ष चळवळीतून बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी वाळूवर गावाचा हक्क मागितला. मर्यादित वाळू गावानेच विकून त्या पैशातून बळीराजा धरण बांधले. आणि त्याच्या पाण्यात वाटा ठरविला तो जमिनीच्या एकरावर नव्हे, कुटुंबावर, भूमिहीनालासुद्धा. विहीर नसलेल्या माणसाचे काय, हे त्यांनी बांधण्याच्या आधीच ठरवून टाकले होते.

आता पुन्हा कयाधू. कळमनुरी तालुक्यातल्या उगम ग्रामीण विकास संस्थेचे जयाजी पाईकराव आणि त्यांचे सहकारी कित्येक वर्षे या नदीच्या काठच्या गावांतून फिरत आले आहेत. त्यांचे म्हणणे साधे आहे: नदी आटली ती पात्रात नव्हे, तिला मिळणाऱ्या ओढ्यांत, म्हणून काम ओढ्यांपासून सुरू करावे, आणि गावात बसून करावे. २ ऑक्टोबर २०२२ रोजी सेवाग्रामहून "चला जाणूया नदीला" हे राज्याचे अभियान निघाले, त्यातही कयाधूचे नाव आले. अशा अभियानांचे बाकी काही होवो न होवो, नदीकाठाने चालत गेलेल्या माणसाला ती कोठे कोठे अडली आहे हे डोळ्यांनी दिसते. पुस्तकात ते दिसत नाही, हे मास्तर असूनही मला कबूल केले पाहिजे.

नकाशावर आणखी एक गोष्ट दिसते, ती मी मुलांना नंतर दाखविली. कयाधू पैनगंगेला मिळते, पैनगंगा वर्धेला. तिकडून झाडीपट्टीतल्या तळ्यांवरून सांडलेले पाणी वैनगंगेतून येते. गडचिरोलीच्या सीमेवर चपराळ्याजवळ वर्धा आणि वैनगंगा एकत्र होतात, आणि तेथून प्राणहिता गोदावरीकडे जाते. मुलांनी बोटाने ती सारी वाट गिरवली. मग मागच्या बाकावरच्या त्याच मुलाने विचारले, "पण गुरुजी, आपलं पाणी तिथवर पोचतं का?" मी म्हणालो, पावसाळ्यात पोचते. त्याने बोट पुन्हा उचलून अगरवाडीवर ठेवले आणि वाट पहिल्यापासून गिरवायला घेतली.